तांबडी शाई

गुजरीत तेव्हा उलटी दिवाळी होती.
लोक सोनं घ्यायला नाही, द्यायला यायचे.
मी चौदाचा,
नागेशशेठ वेर्णेकरांच्या दुकानी शेगडी फुंकायला.

तिकडं लंडनात पौंडानं सोन्याशी काडीमोड घेतला
आणि इथं एकविसाचा तोळा रोज चढत चालला.
गूळ मात्र रव्याला रवा चिकटून वखारीत पाझरत होता.
शाहूपुरीतल्या अडत्याची बायको आली,
पदराच्या गाठीत साज.
म्हणाली, मोडायचा नाही, नुसतं वजन बघा.
चौथ्या खेपेला म्हणाली, मोडा.

पानं मी सुटी केली:
मासा, कासव, भुंगा, कारलं, चंद्र.
मुशीत मासा आधी विरघळला.
कासवाला वेळ लागला.
"त्याच्या चालीनं जाईल," शेठ म्हणाले
आणि हसले नाहीत.
मग सगळ्यांची मिळून एक लगड.
मुंबई, तिथून बोट.
ज्याला आता गळा आठवणार नाही असं सोनं.

शेठचं युरोप एका माणसाएवढं होतं:
फोर्त्सहाइमचा लेव्हिन.
"त्यांची गुजरी," ते म्हणायचे.
कानशी, चिमटे, केसाचं वजन सांगणारा तराजू,
सगळं त्याच्याकडून.
बावीस साली मुंबईच्या दलालाच्या नादानं
शेठनी मार्क घेतले होते, ट्रंकभर.
एवढं मोठं राष्ट्र, बुडतंय कुठं?
राष्ट्र बुडालं नाही. ट्रंक बुडाली.
पुढल्या साली लेव्हिननं पाकिटातून एक नोट धाडली,
हजाराची, अंगावर आडवा तांबडा छाप.
सोबत इंग्रजीत एक ओळ:
काल हिच्यात ह्या पत्राचं तिकीट आलं असतं.

तांबडं काय लिहिलंय, कुणाला वाचता येईना.
शेठनी ती लक्ष्मीपूजनाला मांडली,
वह्या, केरसुणी, तराजू, आणि ती.
दर साली हळदीचं एक बोट.

चौतिसात पत्र आलं.
तोच कागद, तेच यंत्र,
एका अक्षराचं पोट तसंच फुटलेलं.
सही दुसऱ्याची.
माथ्यावरच्या लेव्हिन ह्या नावावर
पट्टी धरून ओढलेली जाड रेघ,
शेजारी गरुडाचा शिक्का.
शेठनी उलट टपाली विचारलं, लेव्हिन कुठं आहेत?
उत्तरात भावपत्रक आलं.
पुन्हा विचारलं.
भावपत्रक.

घाटी दरवाज्यापाशी चहाच्या हॉटेलात
एक कारकून पेपर वाचून सांगायचा:
आपल्यालाही असाच एक पाहिजे, हातात छडी असलेला,
म्हणजे सगळे सुतासारखे सरळ.
लोक माना डोलवायचे.
मीही डोलवली. चहा गरम होता.

कानशी पूर्वीइतक्याच चांगल्या होत्या,
थोड्या स्वस्तही.
शेठनी मागवल्या. पार्सल मी सोडवून आणलं.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग तिकडची माणसंच इकडं आली.
वळिवड्याला, रेल्वेच्या कडेनं, कौलांच्या लांब लांब बराकी
(आता तिथं कापडाचा बाजार आहे).
शेठ गेले होते. गादीवर मी.
एक पोलिश बाई आली, यानिना,
बाजारात शिकलेलं मराठी, पायात कोल्हापुरी.
तिची नजर तराजूमागच्या चौकटीवर गेली.
काचेतून, हळदीखालून,
तिनं तांबडं मोठ्यानं वाचलं.
वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी.

आकडा मराठीत येईना तिला.
तिनं दोन्ही हात वर केले
आणि शून्याला एक, शून्याला एक,
बोटं मिटत गेली.
नऊ मिटली.
करंगळी तेवढी ताठ.
आधी ती हसली. मग मुठींकडं बघत राहिली.
"आमच्याकडं पण," म्हणाली. "बाबा. पाव आणायला."
पुढचे शब्द तिच्याकडं नव्हते,
किंवा माझ्याकडं.

तिनं बोटातली अंगठी काढून फडक्यावर ठेवली.
मोडायची नाही, म्हणाली.
नुसतं वजन बघ.

मी लेव्हिनचा तराजू पुढं ओढला.
काटा बराच वेळ थरथरत होता.